सँड्रा प्रिन्सलू, जॉन कानी आणि उठून गेलेले प्रेक्षक

सँड्रा प्रिन्सलूला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय, फक्त नाव ठाऊक नसतं. 'द गॉड्स मस्ट बी क्रेझी' हा १९८० सालचा सिनेमा आठवा. आकाशातून पडलेली कोका-कोलाची बाटली, ती देवाला परत करायला पृथ्वीच्या टोकाकडे निघालेला वाळवंटातला माणूस. त्यात शहरातली नोकरी सोडून बोत्सवानातल्या आडगावी शिकवायला येणारी सोनेरी केसांची केट थॉम्पसन, ती ही. जॉन कानीलाही आपण पाहिलंय, 'ब्लॅक पँथर'मध्ये नायकाचा बाप झालेला. हे दोघं १९८५ साली केपटाऊनमध्ये एका नाटकात एकत्र आले. प्रयोग चालू असताना कानीने प्रिन्सलूचं चुंबन घेतलं आणि प्रेक्षक उठून चालते झाले.

निम्मं नाट्यगृह रिकामं झालं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. डोकी मोजायला कुणी बसलं नव्हतं, तेव्हा निम्मं की पाव हा वाद बाजूला ठेवू. मला वेगळाच प्रश्न छळतो. लोक नेमके कशावरून उठले? कृष्णवर्णीय पुरुष आणि गोरी बाई, हे उघड उत्तर झालं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. ती गोरी बाई कोण होती, हे पाहिल्याशिवाय प्रकरण उलगडत नाही.

आधी नाटक. ऑगस्ट स्ट्रिंडबर्गचं 'मिस जुली' १८८८ सालचं. स्वीडनमधल्या एका सरंजामदाराच्या वाड्याचं स्वयंपाकघर, उन्हाळ्यातल्या सणाची रात्र. सरदाराची मुलगी जुली, त्याचा खास नोकर आणि स्वयंपाकीण क्रिस्टीन. मालक स्वतः रंगमंचावर कधीच येत नाही. येतात ते त्याचे पॉलिश करायचे बूट आणि त्याची घंटा. एका रात्रीत जुली नोकराबरोबर झोपते आणि सकाळी तिला मरणाशिवाय वाट दिसत नाही. पहिला प्रयोग स्वीडनमध्ये नाही, १८८९ मध्ये कोपनहेगनला झाला. जुली झाली होती स्ट्रिंडबर्गची बायको, सिरी फॉन एसेन. नाटकाला मध्यंतर नाही आणि तेही जाणूनबुजून. मध्यंतरात प्रेक्षकाला विचार करायला उसंत मिळाली की तो लेखकाच्या कह्यातून सुटतो, असं स्ट्रिंडबर्गने प्रस्तावनेतच म्हटलंय. केपटाऊनच्या प्रेक्षकांनी यावर स्वतःचा उपाय काढला. मध्यंतर नसेल तर नसो, दार तर आहे.

तेव्हा शंभरीला टेकलेलं हे स्वीडिश नाटक दक्षिण आफ्रिकेत आणायला संहिता फारशी बदलावीच लागत नाही. मालकाचं स्वयंपाकघर, मागच्या दाराने ये-जा करणारे नोकर, रागाने वाजणारी घंटा, वेळेवर चकचकीत व्हायला हवेत असे बूट, सगळं तिथे घरोघर होतं. दिग्दर्शक बॉबी हीनीने नोकराच्या भूमिकेत कानीला घेतलं, स्वयंपाकिणीच्या भूमिकेत नाती रुलाला आणि जुली म्हणून प्रिन्सलूला. झालं. 'वर्ग' या शब्दाच्या जागी 'वर्ण' आपोआप येऊन बसला.

आता कायदा. १९२७ च्या अनैतिकता कायद्याने गोरे आणि आफ्रिकी यांच्यातला विवाहबाह्य शरीरसंबंध गुन्हा ठरवला होता. १९४८ साली आफ्रिकानरांची, म्हणजे डचमधून घडलेली आफ्रिकान्स भाषा बोलणाऱ्या गोऱ्यांची, नॅशनल पार्टी सत्तेवर आली. पुढच्याच वर्षी तिने मिश्र विवाहांवर बंदी घातली आणि १९५० मध्ये अनैतिकता कायदा सगळ्याच गौरेतरांना लागू केला. १९५७ च्या कायद्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली. अंमलबजावणी किळसवाणी होती. रात्री दार ठोठावायचं, बॅटरीचा झोत मारायचा, फोटो काढायचे, दोन उशा दबलेल्या आहेत का, गादी गरम आहे का ते चाचपायचं. पॅरिसला राहणारा आफ्रिकान्स कवी ब्रेटेन ब्रेटेनबाख याने व्हिएतनामी वंशाच्या मुलीशी लग्न केलं, तर तिला घेऊन मायदेशी येणं त्याला मुश्कील झालं. आफ्रिकान्समधली सरकारने बंदी घातलेली पहिली कादंबरी आंद्रे ब्रिंकची, १९७३ सालची. तिचा नायक 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचा, म्हणून नोंदला गेलेला नट आणि त्याचं प्रेम गोऱ्या बाईवर. कादंबरीकाराने ही गोष्ट रचायला नट निवडावा, हे मला फार बोलकं वाटतं. रंगमंचावर माणूस कोणीही होऊ शकतो आणि त्या देशात तर माणसाने काय व्हायचं हे जन्मनोंदणीच्या वहीत ठरत होतं.

रंगभूमीलाही कायद्याने गाठलेलं होतंच. १९६५ च्या एका फर्मानाने मिश्र प्रेक्षक आणि मिश्र नटसंच यांवर बंदी आली. परवाना मिळाला तरच खेळ. मग पळवाटा सुरू झाल्या. १९७२ मध्ये केपटाऊनला 'द स्पेस' नावाचं छोटं नाट्यगृह निघालं आणि क्लब असल्याचं दाखवून ते चाललं. तिथे ॲथॉल फुगार्डने नेमकं अनैतिकता कायद्याखाली पकडल्या गेलेल्या जोडप्यावरचं नाटक केलं. गोरी ग्रंथपाल झाली होती यव्हॉन ब्राइसलंड. तिचा 'कलर्ड' प्रियकर? स्वतः फुगार्ड, म्हणजे गोरा माणूस. दोन वर्षांनी लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये ती भूमिका बेन किंग्जलीने केली, तोच जो पुढे आपला गांधी झाला. मायदेशात मात्र खऱ्या गौरेतर नटाने गोऱ्या नटीला भर मंचावर मिठीत घेणं, यापर्यंत पोचायला आणखी तेरा वर्षं जायची होती.

रंगभूमी तिथे पोचली तेव्हा काळ मोठा विचित्र होता. १९८५ हेच वर्ष, ज्यात सरकारने मिश्र विवाहबंदी आणि अनैतिकता कायद्यातलं वर्णाचं कलम स्वतःहून रद्द केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये देशाच्या मोठ्या भागात आणीबाणीही जाहीर केली. एका हाताने शयनगृहाचं दार सोडायचं, दुसऱ्या हाताने वस्त्यांमध्ये चिलखती गाड्या घुसवायच्या. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा याच्या सुधारणा या अशा होत्या. त्या सुधारणाही ज्यांना सोसवेनात ते १९८२ मध्येच आंद्रीस ट्रॉयरनिख्टच्या मागे पक्ष फोडून बाहेर पडले होते. आफ्रिकान्समध्ये या दोन गटांना सुंदर शब्द आहेत. जरा मोकळ्या मनाचे ते 'फरलिख', उजळलेले. कर्मठ ते 'फरक्राम्प', पेटके येऊन आखडलेले. गोरी आफ्रिकान्स घरं या दोन शब्दांनी मधोमध चिरली होती.

तेव्हा 'मिस जुली'वर सरकारी बंदी आली नाही. धमक्या आल्या, पण प्रयोग झाले. कायद्याने जे सोडून द्यायला घेतलं होतं ते प्रेक्षकांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. या प्रकरणातली ही गाठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंदी आली असती तर दोष सेन्सॉरच्या माथी मारून सगळे मोकळे झाले असते. इथे तिकीट काढून आलेला, नाटकाचं नाव आणि जाहिरातीतली नटांची नावं आधीच वाचलेला माणूस त्या एका क्षणी उठला. काय होणार हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! जाहिरातीत 'प्रिन्सलू आणि कानी' वाचताना जे चाललं ते डोळ्यांसमोर चालेना.

आता त्या बाईकडे येऊ. सँड्रा प्रिन्सलूचा जन्म १९४७ चा, नाट्यशिक्षण प्रिटोरिया विद्यापीठात. म्हणजे ती नॅशनल पार्टीच्या राजवटीइतकीच वयाची, आणि घडली ती त्या राजवटीच्या राजधानीत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने चारही प्रांतांत नाट्यकला मंडळं काढली होती. पगारी नट, मोठी नाट्यगृहं, आफ्रिकान्समध्ये शेक्सपियर आणि चेखव. पैसा सरकारचा, प्रेक्षक गोरा. १९७६ च्या जानेवारीत टेलिव्हिजन सुरू झालं. (इतक्या श्रीमंत देशात इतक्या उशिरा, कारण पडद्यावरून काय काय घरात शिरेल याची सरकारला धास्ती होती.) त्या पिढीच्या आफ्रिकान्स नटनट्या मग घराघरात पोचल्या. प्रिन्सलू देखणी, आवाज कमावलेला, चेहरा सोज्वळ. 'आपली मुलगी' म्हणून आफ्रिकानर आई-बापांनी कौतुकाने दाखवावी अशी.

हे 'आपली' साधं नाही. आफ्रिकानर राष्ट्रवादाने बाईला एक खास पद दिलं होतं, 'फोल्क्समूडर', म्हणजे समाजाची माता. ब्लूमफाँटेनला १९१३ साली उभारलेलं स्त्री-स्मारक पाहिलं की हे पद किती दुःखावर उभं आहे ते कळतं. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात, म्हणजे इंग्रज आणि आफ्रिकानर यांच्यातल्या लढाईत, इंग्रजांनी आफ्रिकानर बायका-मुलांना छळछावण्यांत कोंडलं आणि सव्वीस हजारांवर जीव तिथे गेले. त्याचं हे स्मारक. (कृष्णवर्णीयांच्याही वेगळ्या छावण्या होत्या आणि तिथेही हजारो मेले. स्मारक उभारताना त्यांची आठवण कुणाला झाली नाही.) त्या दुःखातून एक शिस्त तयार झाली. बाईने समाज जिवंत ठेवला, सबब बाईचं शरीर हे समाजाचं कुंपण. पुरुषाने कुंपण ओलांडलं तर तो नादान. बाईने ओलांडलं तर कुंपणच पडलं.

आफ्रिकान्स रंगभूमीची मोठी नटी आना नीथलिंग-पोल या राष्ट्रवादी उभारणीतच घडली. ती पुढे प्रिटोरिया विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवूही लागली. नटीने भाषेची सेवा करायची, भाषा म्हणजे समाज, समाज म्हणजे रक्त, अशी ती साखळी. गंमत अशी की ही भाषा गोऱ्यांच्या एकट्याच्या मालकीची कधीच नव्हती. केपमध्ये डच वसाहतीत गुलाम, तिथले मूळ रहिवासी खोइखोइ आणि मालक यांच्या बोलण्यातून ती घडली. त्या गुलामांत बंगाल आणि मलबारहून नेलेलेही होते. तिचं अगदी सुरुवातीचं लेखन तिथल्या मुस्लिमांनी अरबी लिपीत केलंय. आजही ती घरी बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरच जास्त आहेत. म्हणजे जी भाषा मुळातच मिसळीतून जन्मली, तिच्या नटीने मिसळू नये म्हणून हा आटापिटा!

कानीच्या बाजूनेही जरा पाहायला हवं. जन्म पोर्ट एलिझाबेथच्या न्यू ब्रायटन वस्तीतला. फुगार्डच्या 'सर्पंट प्लेयर्स' या नाटकमंडळीत तयार झालेला. १९७५ मध्ये विन्स्टन न्त्शोनाबरोबर न्यूयॉर्कचं टोनी पारितोषिक मिळवून आलेला. 'मिस जुली'च्या वेळी तो जगात नाव असलेला नट होता. आपल्या देशात मात्र त्याला मत नव्हतं. १९७६ च्या जूनमध्ये सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली मुलं रस्त्यावर उतरली ती आफ्रिकान्समधून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध. ज्यांनी वस्तीत गोळ्या झेललेल्या पाहिल्या, त्यांच्या लेखी आफ्रिकान्स म्हणजे हवालदाराची आणि पासबुक (कृष्णवर्णीयांना सतत जवळ बाळगावा लागणारा परवाना) मागणाऱ्या बाबूची भाषा. 'मिस जुली' इंग्रजीत होतं, म्हणजे दोघांच्याही मातृभाषेत नाही. या गोष्टीची चर्चा कमी होते, पण नटांना हा फरक अंगात जाणवतो. दोघंही उसन्या भाषेत एकमेकांना भिडत होते.

एक गोष्ट माझ्या मांडणीला अडचणीची आहे, ती लपवत नाही. प्रयोग झाले ते बॅक्स्टर थिएटरमध्ये. हे १९७७ साली उघडलेलं, केपटाऊन विद्यापीठाच्या आवारातलं, रॉन्डेबॉशमधलं नाट्यगृह. विद्यापीठाच्या आसऱ्यामुळे सर्वांना खुलं. केपटाऊन विद्यापीठ इंग्रजी माध्यमाचं, बऱ्यापैकी उदारमतवादी म्हणून मिरवणारं. म्हणजे तिथला प्रेक्षक काही प्रिटोरियाच्या चर्चमधून उठून आलेला नव्हता. सरकारला नावं ठेवणारा, विरोधी पक्षाला मत देणारा, 'आम्ही त्या बोअरांसारखे नाही' म्हणणारा वर्ग तिथे नक्कीच होता. तेव्हा उठून गेले ते सगळे कर्मठ आफ्रिकानर, असं म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्यांना सुटका देता येत नाही. वर्णभेदाची बदनामी आफ्रिकानरांच्या नावावर आणि फायदा दोघांचाही, हा त्या देशातला जुना हिशोब. मतपेटीपाशी उदार असणारा माणूस अंधारात, शेजारी बायको बसलेली असताना, किती उदार राहतो, हे बॅक्स्टरने दाखवलं.

मग प्रिन्सलूच्या 'आपली' असण्याला मी एवढं महत्त्व का देतो? कारण जागा इंग्रजी असली तरी धक्का देशभर पोचला तो तिच्या चेहऱ्यामुळे. एखादी लंडनहून आलेली नटी असती तर 'बाहेरची, तिला काय कळतंय' म्हणून विषय मिटला असता. जोहान्सबर्गची इंग्रजी भाषक, चळवळीत वावरणारी नटी असती तर 'ती तसलीच' म्हणाले असते. प्रिन्सलू तसली नव्हती. टेलिव्हिजनवरची, पोस्टरवरची, काटेरी झुडपात अडकून फजीत होणारी ती हसरी शिक्षिका. तिच्यावर लेबल चिकटेना. उलट, तिने कुणाचा हात धरला हे पाहून लोकांना स्वतःवरचं लेबल दिसलं.

दिग्दर्शकाची निवडही इथे लक्षात घ्यायला हवी. स्ट्रिंडबर्गच्या संहितेत मुख्य गोष्ट विंगेत घडते. दोघं नोकराच्या खोलीत जातात, मंचावर गावकरी नाचगाणं करत शिरतात. प्रेक्षकाला बाहेर बसवून आतलं कल्पायला लावायचं, हा त्याचा डाव. बॅक्स्टरला दोन शरीरांची जवळीक उघड्यावर आणली गेली. काटेकोर नाट्यसमीक्षक याला उधळपट्टी म्हणेल. मला पटते. ज्या देशात पोलीस गादीची ऊब तपासत होते तिथे 'आत काय झालं असेल' याची कल्पना करण्याची मक्तेदारी पोलिसांकडेच होती. विंग त्यांची होती. म्हणून दिव्याखाली करणं भाग होतं.

आणि नाती रुलाची क्रिस्टीन. तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. खळबळ चुंबनाची झाली, पण चुलीपाशी उभी राहून हे सगळं बघणारी, त्या नोकराची वाग्दत्त वधू असलेली ही तिसरी बाईही कृष्णवर्णीय आहे. मालकिणीने तिचं माणूस नेलं. गोऱ्या बाईचं बंड आणि काळ्या पुरुषाची महत्त्वाकांक्षा यांच्या झटापटीत किंमत मोजते ती स्वयंपाकीण, आणि उठून गेलेल्या एकाही प्रेक्षकाला तिच्यासाठी उठावंसं वाटलं नसेल.

पुढच्या वर्षी याच तिघांना घेऊन मिकाएल वॉलफोर्सने नाटकाचं चित्रीकरण केलं. १९८७ मध्ये कानी जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये ऑथेल्लो झाला, दिग्दर्शक जॅनेट सुझमन. पुन्हा तेच. काळा नवरा, गोरी बायको, तीच कुजबुज. प्रिन्सलूने काय केलं? माफी मागून सोज्वळ भूमिकांकडे परतणं तिला सोपं होतं. १९८८ मध्ये तिने याना सिलियर्सबरोबर हेलेना नोगेराचा 'क्वेस्ट फॉर लव्ह' केला, दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट. कुंपणाची दुसरी बाजूही पाडली म्हणायचं.

१९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली, त्यानंतर सरकारी नाट्यकला मंडळं मोडली आणि आफ्रिकान्स रंगभूमीचं पगारी छत्र गेलं. पुष्कळांना वाटलं, संपली आता. तिला तारलं ते महोत्सवांनी. १९९५ पासून आउट्सहूर्न या शहामृगांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोरड्या गावात आफ्रिकान्सचा कला महोत्सव भरू लागला, मग इतर ठिकाणी. शाळेचे हॉल, चर्चचे हॉल, गाडीच्या टपावर मावेल एवढं नेपथ्य. या अर्थकारणातून एकपात्री प्रयोग बहरले आणि प्रिन्सलू त्यांची राणी झाली. राशेल ग्रीफच्या 'दी नायमशीन'मध्ये, म्हणजे 'शिवणयंत्र'मध्ये, ती एक म्हातारी झाली आणि एका जुन्या यंत्राच्या निमित्ताने अख्खं आयुष्य उसवत गेली. मोठ्या सरकारी नाट्यगृहांपेक्षा या फिरत्या खेळांतली प्रिन्सलू मला अधिक मोठी वाटते. तिथे उठून जाणारा प्रेक्षक थेट नजरेसमोरून जातो.

बॅक्स्टरला मात्र जुली परत आली. २०१२ मध्ये याएल फार्बरने ते नाटक कारू भागातल्या शेतवाडीवर नेलं आणि नाव ठेवलं 'मीस जुली'. 'मीस' म्हणजे शेतमजूर गोऱ्या मालकिणीला म्हणतात तो शब्द, आपल्याकडचं 'बाईसाहेब'. जुली हिल्डा क्रोन्ये, जॉन बोंगिले मंत्साई. सर्वात मोठा बदल स्वयंपाकिणीत होता. थोको न्त्शिंगाची क्रिस्टीन ही जॉनची आई, आणि जुलीलाही तिनेच वाढवलेलं. दोघं एकाच बाईच्या हातचं खाऊन मोठे झालेले. स्वयंपाकघराच्या फरशीखाली पूर्वजांची हाडं आहेत आणि झाडाची मुळं फरशी फोडून वर येतायत. १९८५ चा प्रश्न होता, कोण कुणाला शिवतो. २०१२ चा झाला, ही जमीन कुणाची. (हीच फार्बर दिल्लीतल्या २०१२ च्या बलात्कारानंतर भारतीय अभिनेत्रींबरोबर 'निर्भया' करायला आली. मुंबईतही त्याचे प्रयोग झाले.)

आणि प्रिन्सलू? सत्तरी ओलांडल्यावर तिने 'काम्पहूर' हा एकपात्री प्रयोग केला. दिग्दर्शक लारा फूट, जी तेव्हा बॅक्स्टरची प्रमुख होती. गोष्ट सुझन नेल नावाच्या स्त्रीची, बोअर युद्धाच्या छळछावणीत बलात्कार झालेल्या, मेली म्हणून टाकून दिलेल्या आणि आफ्रिकी जोडप्याने जगवलेल्या मुलीची. ब्लूमफाँटेनच्या स्मारकावर छावणीतल्या बाईला मातेचं पद आहे. या खेळाच्या नावात तिला लोकांनी दिलेला दुसरा शब्द आहे, 'छावणीतली रांड'. तो शब्द घेऊन प्रिन्सलू एकटीच दिव्याखाली उभी राहते.